शेवटचे सात आकडे

४ मार्च, मंगळवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. म्हणून वहीवर नाव घातलेलं नाही. वही हरवलीच तर सापडणाऱ्याला कळता कामा नये की ही प्यो दालसूची आहे. (नाव आलंच लिहिण्यात. असो. पुढं काळजी घेईन.)

परिस्थिती अशी: टॉवेल कंपनीतली नोकरी शुक्रवारी संपली. कंपनीनं मला सन्मानानं मोकळं केलं. सन्मान म्हणजे एक पुष्पगुच्छ आणि डझनभर टॉवेल. टॉवेल दुसऱ्या कंपनीचे निघाले. बायको म्हणते नोकरी गेली. मी म्हणतो, मी सध्या दोन नोकऱ्यांच्या मधे आहे.

संकल्प पहिला: महिन्याभरात पहिल्यापेक्षा वरची जागा मिळवायची.

संकल्प दुसरा, आणि महत्त्वाचा: अर्ज करताना स्वतःची माहिती कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. लोक नोकरीच्या घाईत काय वाटेल ते देऊन बसतात. मी प्रशासन विभागात होतो. लोकांचे कागद कुठं कुठं पडलेले असतात ते मी पाहिलंय. बहुतेक वेळा माझ्याच टेबलावर पडलेले असायचे. शिवाय माहिती सुरक्षेचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालंय माझं. अख्ख्या देगू शाखेतून मी एकटा गेलो होतो. बाकीच्यांना त्या दिवशी काम होतं.

७ मार्च, शुक्रवार.

सीव्ही तयार केला. फोटो काढून आणला. सरळ समोर बघणारा चेहरा कुणीही चोरून कुठंही चिकटवू शकतो, म्हणून मी फोटोग्राफरला सांगितलं की थोडा बाजूनं घ्या. त्यानं विचारलं, किती बाजूनं? शेवटी एक कान, एक गाल आणि चष्म्याची काडी एवढं आलं. भारदस्त दिसतोय.

जन्मतारखेच्या जागी ‘मध्यमवय’. पत्ता ‘देगू’. फोन नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवर चांदण्या.

यंगशिलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सीव्ही हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिचं बाजारात किमची आणि तयार भाज्यांचं दुकान आहे, तिला ऑफिसातल्या गोष्टी कळत नाहीत. म्हणाली, यांना तुम्हाला बोलवायचं झालं तर बोलवतील कसे? मी म्हणालो, ज्याला खरंच मी हवा असेन तो मार्ग काढेल.

म्हणाली, तोवर दुकानात येऊन लसूण सोलत बसा.

१२ मार्च, बुधवार.

बऱ्याच ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तर एकाचंही नाही. म्हणजे वरच्या पातळीवर चर्चा चालू आहे. शिपायाच्या जागेला लगेच उत्तर येतं, मोठ्या जागेला वेळ लागतोच.

दुपारी बोमीचा फोन. लेक सुवोनला एका ब्रेडच्या फॅक्टरीत आहे, माणसं घेण्याच्याच विभागात. आईनं तिला सीव्हीबद्दल सांगितलेलं दिसतं. हसू दाबत बोलत होती. तिचं म्हणणं असं, की आमच्याकडे असा सीव्ही आला तर आम्ही तो एकमेकांना दाखवतो आणि मग टाकून देतो.

मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “बाबा, फोन नंबर द्या आणि ई-मेल द्या. आणि तेवढंच द्या. ओळखपत्र, नागरिक क्रमांक, बँकेचं पासबुक, हे सगळं त्या ऑफिसात स्वतः जाऊन, माणसं बघून, रुजू झाल्यावर. आधी कुणीही मागितलं तरी नाही.”

मी तिला म्हणालो, हे मला सांगतेस? मी ट्रेनिंग केलेला माणूस आहे. तिला या क्षेत्रात येऊन होऊन होऊन चार वर्षं झालीत. तरी पोरीचं मन राखायला एका साइटवर ई-मेल टाकला. फोनच्या चांदण्या ठेवल्या.

१८ मार्च, मंगळवार.

मुलाखत! नदीपलीकडच्या एका मोठ्या सोसायटीत देखरेखीची जागा. तिथं थेट जाऊन उभं राहिलं तरी चालतं, म्हणून गेलो.

ऑफिसप्रमुख बरा माणूस वाटला. कॉफी दिली. एक साधा फॉर्म पुढं केला: नाव, पत्ता, फोन. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हा फॉर्म भरल्यावर जातो कुठं? म्हणाला, कपाटात. मी विचारलं, कपाटाची किल्ली कुणाकडे? म्हणाला, कपाटाला किल्ली नाही. मी म्हणालो, बघू. त्यानं कपाट उघडून दाखवलं. आत नूडल्सची पाकिटं आणि कुणाचेतरी बूट. मी तिथल्या तिथं पाच सुधारणा लिहून दिल्या. त्यानं दोन्ही हातांनी कागद घेतला आणि वाकून नमस्कार केला. मुलाखत उत्तम झाली.

ता. क. संध्याकाळी कळलं, त्यांनी माझ्याहून तरुण माणूस घेतला. यंगशिलनं बाजारात चौकशी केली. तो एकसष्ट वर्षांचा आहे. त्यांच्यात तरुण कशाला म्हणतात कोण जाणे.

२४ मार्च, सोमवार.

दुकानात गेलो. टोपी आणि मास्क घालून, कारण जुन्या कंपनीतलं कुणी दिसलं तर उगाच गैरसमज. लसूण सोलत बसलो असताना वर लक्ष गेलं आणि घाम फुटला. भिंतीवर, उघड्यावर, गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, घरं आणि दाराचे कोडसुद्धा! घरपोच किमचीसाठी बायकोनं लिहून ठेवलेले. कुणीही यावं आणि वाचावं.

ती कोबी आणायला गेली होती. मी जाड काळ्या मार्करनं सगळं व्यवस्थित झाकलं. एकही आकडा दिसत नव्हता. काम इतकं चोख झालं की मलाही वाचता येईना.

ती परत आली. भिंतीकडे पाहिलं. काही बोलली नाही. सबंध दिवस बोलली नाही. आज घरपोच काही गेलं नाही. उद्या गिऱ्हाइकं स्वतः येतील आणि सांगतील, असं मी समजावलं. ती कोबीला मीठ चोळत होती, जरा जोरातच.

संकल्प: दुकानात जायचं नाही. तिथं माझ्या गुणांना वाव नाही.

१ एप्रिल, मंगळवार. दहा वाजता.

आलं! ई-मेल आला!

‘दोदाम माहिती संरक्षण केंद्र, सोल.’ लिहिणारा मॅनेजर यून. काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो: ‘आपल्या सीव्हीत फोन नंबर चांदण्यांनी झाकलेला पाहिला. हजारो सीव्ही पाहिले, पण एवढी जागरूकता कुठंच दिसली नाही. आम्हाला असाच माणूस हवा आहे.’

तीनदा वाचलं. यंगशिल दुकानात होती. फोनवर तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आज एक एप्रिल आहे. मी फोन ठेवून दिला. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं पटकन पचत नाही, घरचे असले तरी.

जागा: टीम लीडर, वैयक्तिक माहिती संरक्षण. घरून काम.

३ एप्रिल, गुरुवार.

मॅनेजर यूनशी फोनवर बोलणं झालं. (फोन नंबर पूर्ण दिला. एवढ्यावर आलेल्या माणसाला चांदण्या दाखवणं बरं दिसत नाही.) आवाज अतिशय शांत, देवळात माहिती सांगतात तसा. पहिल्या वाक्यापासून मला ‘टीम लीडर साहेब’ म्हणतोय. जुन्या कंपनीत इतक्या वर्षांत मी ‘अहो टॉवेल’ याच्या पुढं गेलो नव्हतो.

पण मी हुरळून जाणारा नव्हे. सरळ विचारलं, तुम्ही लबाड तर नाही ना? त्यानं एक क्षणही न थांबता सांगितलं, नाही. लबाड माणूस अशा वेळी चाचरतो. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं, किंवा शिकवायला हवं होतं.

त्यानं एक प्रतिज्ञापत्र पाठवलंय: ही बोलणी मी कुणालाही सांगणार नाही. विशेषतः कुटुंबीयांना. सही करून पाठवलं. जी कंपनी गुप्ततेची आधी शपथ घ्यायला लावते तिच्यावर संशय घेणार कसा?

८ एप्रिल, मंगळवार.

ओळखपत्राचा फोटो मागितला. पुढची बाजू, मागची बाजू. बोमीनं सांगितलं होतं ते आठवलं. पण बोमी बोलत होती ती साध्या नोकरीबद्दल. ही माहिती सांभाळायचीच नोकरी आहे. माहिती सांभाळणाऱ्यालाच माहिती द्यायची नाही म्हणजे धोब्याला कपडे न देण्यासारखं झालं.

तरी मी मी आहे. नागरिक क्रमांकाचे शेवटचे सात आकडे हीच खरी चावी असते, हे आपल्या इथं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या सात आकड्यांवर चिकटपट्टी लावली आणि मग फोटो काढला. मॅनेजर यूनचं उत्तर लगेच: ‘वा, टीम लीडर साहेब. हीच आमची परीक्षा होती. पास झालात.’

मला वाटलंच होतं परीक्षा असणार.

चार वाजता दुसरा निरोप. विम्यात नाव नोंदवायचंय, तर ते सात आकडे पाठवा. मी विचार केला आणि एक युक्ती काढली. तीन आकडे चॅटवर पाठवले, अर्ध्या तासानं चार आकडे ई-मेलनं. मधल्यामधे कुणी चोरले तरी त्याच्या हाती अर्धाच प्यो दालसू लागेल.

९ एप्रिल, बुधवार.

पगारासाठी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. मग एक अ‍ॅप टाकायला सांगितलं, सुरक्षेचं. टाकलं. तेव्हापासून फोन तापतोय आणि रेंगाळतोय. सुरक्षा जड असते, त्याला इलाज नाही.

मग माझ्या फोनवर सहा आकड्यांचा कोड आला. मॅनेजर यून म्हणाला, वाचून दाखवा, तुमची लाइन सुरक्षित आहे का बघतो. मेसेजखाली लिहिलं होतं, हा कोड कुणालाही सांगू नका. मी त्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, साहेब, ‘कुणालाही’ म्हणजे बाहेरच्यांना. बरोबर आहे. वाचून दाखवला.

लाइन सुरक्षित आहे.

१४ एप्रिल, सोमवार.

आज रुजू होण्याचा दिवस होता. पुढच्या सोमवारवर गेला. वरून मंजुरी येतेय.

मधल्या वेळात कुटुंबाचा तक्ता भरून पाठवला. बायकोचं नाव, फोन. मुलीचं नाव, फोन, ती कुठं काम करते ते. लहानपणी तिला घरात काय म्हणायचो, असाही एक रकाना होता. मला आवडलं ते. कोणती कंपनी आजकाल इतकं आपुलकीनं विचारते?

यंगशिलला सांगितलं. प्रतिज्ञापत्र मोडलं, पण तिच्यापासून किती दिवस लपवणार? तिनं विचारलं, ऑफिस पाहिलंत? मी म्हणालो, सोलला आहे. माणूस पाहिलात? मी म्हणालो, सुरक्षेच्या क्षेत्रात कुणी कुणाला बघत नाही.

ती हात पुसून म्हणाली, “तुम्हाला खरंच वाटतंय ना? मग बाजारात सांगू मी?”

मी म्हणालो, सांग.

संध्याकाळी ती भाताचे गोड लाडू करून घेऊन आली. मासेवालीला, तेलवाल्याला, शेजारच्या किराणावाल्या म्हातारीला, सगळ्यांना वाटले म्हणे. बोमीच्या बाबांना टीम लीडरची जागा मिळाली. आणि वाटता वाटता भिंतीवरचे नंबर त्यांना विचारून विचारून परत लिहून घेतले. उरलेले दोन लाडू माझ्यापुढं ठेवले. बऱ्याच दिवसांनी ती जेवताना बोलत होती.

१७ एप्रिल, गुरुवार.

मॅनेजर यून चॅटवर दिसत नाही. नाव होतं तिथं नुसता करडा गोल आहे. कमालीची गुप्तता.

पण सकाळी एक मेसेज आला: ‘तुमच्या नावे नवीन मोबाइल क्रमांक सुरू झाला आहे. स्वागत.’ पाठोपाठ आणखी एक, तसाच. ऑफिसचे फोन! मी मागण्याआधीच, आणि दोन! टॉवेल कंपनीत साधं टेबलावरचं यंत्र मिळवायला मला नऊ वर्षं लागली होती.

यंगशिलला सांगितलं. तिनं विचारलं, फोन कुठायत? मी म्हणालो, येतील.

तिनं हातातली डाव खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर वाचायला घेतला.

२२ एप्रिल, मंगळवार.

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी बोमीचा फोन आला. मला नाही, दुकानात, आईला. संकल्प मोडून मी तिथं लसूण सोलत होतो, आईनं माझ्या हातात दिला. बोमीला काल एका अनोळखी नंबरावरून माझ्या नावानं निरोप आला होता. माझा फोन पडून फुटला, दुसऱ्यावरून लिहितोय, विम्याच्या कामाला तुझ्या ओळखपत्राचा फोटो लागतोय, लगेच पाठव. वर तिचं घरातलं नाव होतं, मनीमाऊ. ते नाव आमच्या तिघांखेरीज कुणाला ठाऊक नाही.

मी घाबरून विचारलं, पाठवलास?

नाही म्हणाली. तिला लगेच कळलं होतं की हे बाबा नाहीत.

मला जरा बरं वाटलं. म्हणालो, पाहिलंस, माझ्याकडूनच शिकलीस. कशावरून ओळखलंस?

ती म्हणाली, “सुरुवातीला लिहिलं होतं, मनीमाऊ, जेवलीस का? तिकडं अजून थंडी आहे का? एकटी राहतेस, जपून राहा. तुम्ही असं कधी लिहीत नाही, बाबा.”

मी म्हणालो, हां.

ती म्हणाली, तरी दोनदा वाचला.

मग तिनं एकेक करून विचारलं आणि मी एकेक करून सांगितलं. ओळखपत्र. सात आकडे. पासबुक. अ‍ॅप. कोड. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं ‘बरं’ म्हणत होती. बरं. बरं. पुढं सांगा. अ‍ॅप काढून टाका, आत्ताच्या आत्ता आईच्या फोनवरून बँकेत फोन लावा, मग पोलिसांत जा. यंगशिल लसणाची टोपली मांडीवर घेऊन शेजारी बसून ऐकत होती.

मॅनेजर यूनला शेवटचं एकदा लिहिलं: कृपया खुलासा करावा. निरोप गेला नाही.

२३ एप्रिल, बुधवार.

बँक. माझं खातं गोठवलेलं आहे. कारण माझ्या खात्यात कुणाचेतरी पैसे येऊन गेले. माझे नाहीत, दुसऱ्याच कुणाचे. काउंटरवरची बाई अदबीनं बोलत होती पण तिनं माझं पासबुक आपल्याकडे ओढून घेतलं आणि साहेबांना बोलावलं. रांगेतले लोक माझ्याकडे बघायला लागले. त्यांत मासेवाली होती. तिनं वाकून नमस्कार केला. टीम लीडरला करतात तसा.

२५ एप्रिल, शुक्रवार.

पोलीस ठाणं, दुसरा मजला. सायबरची जागा. इन्स्पेक्टर गू नावाची मुलगी, बोमीएवढीच असेल. मी तिला आधी पार्श्वभूमी सांगितली: ट्रेनिंग, चिकटपट्टी, आकडे दोन वाटांनी पाठवण्याची पद्धत. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चिकटपट्टीपाशी पेनाचं टोपण लावलं, आणि मी संपवल्यावर काढलं.

मग म्हणाली, “सर, तुमच्याविरुद्ध तीन तक्रारी आहेत.”

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. पोहांगची एक बाई, जिन्जूचा एक तरुण, अजून कुणीतरी. तिघांनी नोकरीसाठी अर्ज केला होता आणि तिघांचीही माहिती घेऊन कुणीतरी पसार झालं. फसवणाऱ्याचं नाव: प्यो दालसू, टीम लीडर, दोदाम माहिती संरक्षण केंद्र. पुरावा म्हणून माझ्या ओळखपत्राचा फोटो. समोरून काढलेला, दोन्ही कान दिसतायत.

म्हणजे ती जागा खरोखरच होती. मला रुजू करून घेतलं होतं, फक्त कळवलं नव्हतं.

इन्स्पेक्टर गूनं सांगितलं ते लिहून ठेवतो. ओळखपत्र हरवलं म्हणून नोंदवायचं, नवीन काढायचं. माझ्या नावानं नवे फोन आणि कर्ज निघू नये म्हणून बंदी घालून घ्यायची. निघालेले फोन बंद करायचे. चौकशीला बोलावलं की यायचं. मी विचारलं, हे सगळं केलं की माहिती परत मिळते?

ती म्हणाली, परत नाही मिळत, सर.

जबाबात व्यवसाय विचारला. मी म्हणालो, दोन नोकऱ्यांच्या मधे. तिनं ‘बेकार’ लिहिलं.

२८ एप्रिल, सोमवार. अकरा वाजता.

दाराची बेल. मी उघडलं. माझ्याच वयाचा एक माणूस, इस्त्रीचा कोट, नवा टाय, हातात पिवळ्या खरबुजांची पेटी. सोंग्जूची, पहिल्या तोडीची. मला बघताच कमरेतून वाकला.

“टीम लीडर साहेब ना? मी मेंग इन्सोप. गुमीहून आलो.”

मी म्हणणार होतो, साहेब बाहेर गेलेत. पण तोंड माझंच होतं, ते त्यानं ओळखपत्रावर पाहिलेलं. पत्ताही त्याच ओळखपत्रावरचा. आत घेतलं.

गुमीला एका फॅक्टरीच्या कामगारांची बस चालवायचा. फॅक्टरी दुसऱ्या देशात गेली. तेव्हापासून अर्ज करतोय. आमच्या केंद्रात त्याला दोन आठवड्यांपूर्वी घेतलं म्हणे, माझ्या हाताखाली. रुजू व्हायची तारीख सारखी पुढं जातेय, मॅनेजर यून दिसत नाही, म्हणून म्हटलं, साहेबांनाच भेटून यावं. मोकळ्या हातानं कसं यायचं, म्हणून खरबुजं.

तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता. म्हणाला, साहेब, आधी मला शंका आली होती. मी काही अगदी मूर्ख नाही. मी त्यांना म्हणालो, तुम्ही खरे कशावरून? तेव्हा त्यांनी तुमचं ओळखपत्र पाठवलं. “फोटो पाहिला आणि वाटलं, हा माणूस कुणाचं काही इकडचं तिकडं होऊ देणार नाही.”

मी चहा करायला उठलो. स्वयंपाकघरात बराच वेळ उभा होतो. बाहेर जाऊन सांगायचं ठरवलं. वाक्यही जुळवलं. बाहेर आलो आणि विचारलं, साखर?

एवढ्यात यंगशिल आली, डबे घ्यायला. तिनं कोट पाहिला, पेटी पाहिली, माझं तोंड पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. चपला काढून ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याला सगळं सांगितलं. मी अर्ज कसे केले तिथपासून. माझ्यासाठी एकही शब्द बदलला नाही, पण एकही वाढवलाही नाही.

मेंग ओरडला नाही. टायची गाठ सैल केली. खरबुजांच्या पेटीकडे बघत राहिला. मग मला विचारलं, “मी त्यांना मुलाचा नंबर पण दिलाय. आणि आईचं पासबुक. आई ब्याऐंशीची आहे. तिला सांगावं लागेल का?”

त्याला वाटत होतं मला माहीत असेल.

यंगशिलनं त्याला जेवायला थांबवलं. कालवण, भात, मुळ्याची किमची. तो मान खाली घालून जेवला, भाताचं एक शीतही ठेवलं नाही. निघताना पेटी परत घेऊन जा म्हणालो, तर म्हणाला, नको साहेब, आता आणलीय. अजून साहेबच म्हणतोय.

बायको त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. मी आवराआवर केली.

२९ एप्रिल, मंगळवार.

संकल्प: मेंगला मदत करायची. या विषयातला सध्या माझ्याइतका अनुभवी माणूस त्याच्या ओळखीत दुसरा नाही. फोन करून म्हणालो, शुक्रवारी या, मी स्वतः तुमच्याबरोबर पोलिसांत येतो, मला तिथली पद्धत माहितीये.

यंगशिल म्हणाली, जा, आणि तिथं बोलू नका.

२ मे, शुक्रवार.

मेंगला स्टेशनवर घ्यायला गेलो. तोच कोट, टाय नव्हता. त्यानं आईला सांगितलं. आई म्हणाली म्हणे, माझ्या पासबुकात होतं काय! आणि मग रात्रभर रडत होती. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

दुसरा मजला. मी पुढं, तो मागं. टोकन कुठून घ्यायचं, कुठल्या खुर्चीवर पंख्याचं वारं लागतं, सगळं मी त्याला दाखवलं. इन्स्पेक्टर गूनं आम्हाला दोघांना एकत्र पाहिलं आणि क्षणभर टायपिंग थांबवलं.

तक्रारीचा कागद पुढं आला. मेंगनं खिशातून चष्मा काढला. ‘कुणाविरुद्ध’ अशी एक ओळ होती. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. इन्स्पेक्टर गू म्हणाली, ज्या नावानं तुम्हाला फसवलं ते नाव लिहावं लागेल. पुढचं आम्ही बघतो. यांनाही समन्स जाईल, पद्धत आहे.

मेंग म्हणाला, यांच्यासमोर कसं लिहू?

मी म्हणालो, लिहा.

त्यानं लिहिलं. हात जड होता त्याचा, एकेक अक्षर दाबून. दालसूमधला ‘सू’ ऱ्हस्व काढला. मी म्हणालो, दीर्घ. त्यानं खोडलं, परत लिहिलं. पत्त्याच्या ओळीवर घराच्या नंबरापाशी तो अडला, तोही मीच सांगितला.

इन्स्पेक्टर गूनं कागद घेतला, वाचला. सोबत आलेल्या माणसाचं नाव आणि तक्रारदाराशी नातं, असा शेवटी एक रकाना होता. तिनं मेंगला विचारलं, “हे तुमचे कोण?”

मेंगनं खरोखर विचार केला. मित्र म्हणावं तर दोनदा भेटलेलो. नातेवाईक नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच मी, पण तसं तोंडावर म्हणणारा तो माणूस नव्हे.

“आमचे टीम लीडर,” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. तिनं तो रकाना मोकळा सोडला.

बाहेर आलो. थांब्यावर कुणी नव्हतं. मेंगनं चष्मा घडी करून खिशात ठेवला, माझ्याकडे वळला आणि विचारलं, “साहेब, आता पुढं काय करायचं?”

सत्तावीस वर्षं ऑफिसात बसलो, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. किती वेळा मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं, खुर्ची कशी मागं सरकवायची, आवाज कसा लावायचा तेसुद्धा.

मी रस्त्याकडे पाहिलं.

म्हणालो, बस येईल आता.